आयकर खात्याचा मोफत कॅल्क्युलेटर: १२ लाखांच्या हद्दीवर चोख, कंपनीच्या बसबद्दल मात्र काहीच विचारत नाही

लोटे-परशुराम, जयगड किंवा रत्नागिरीच्या मिरजोळे एमआयडीसीत पगारवाढीचं पत्र हातात पडलं की दोन प्रश्न हमखास येतात. जुनी करप्रणाली ठेवायची की नवी? आणि कंपनीची बस घ्यायची की प्रवास भत्ता? आयकर खात्याच्या ई-फायलिंग पोर्टलवरचा ‘इन्कम अँड टॅक्स कॅल्क्युलेटर’ पहिल्या प्रश्नाचं उत्तर थेट देतो. दुसऱ्याचं उत्तरही त्यातून निघतं, पण कोणती रक्कम त्यात घालायची हे आपल्याला ठाऊक असेल तरच.

पोर्टलच्या मुख्य पानावर क्विक लिंक्समध्ये तो सापडतो. लॉगिन लागत नाही, पैसे लागत नाहीत. बेसिक आणि अ‍ॅडव्हान्स्ड असे दोन भाग आहेत. पगारदाराने अ‍ॅडव्हान्स्डच वापरावा, कारण त्यात पगार, घर, व्याज यांचे वेगवेगळे रकाने आहेत.

सगळ्यात मोठी गडबड होते ती वर्ष निवडताना. २०२५-२६ या आर्थिक वर्षाच्या पगारासाठी कर निर्धारण वर्ष (असेसमेंट इयर, म्हणजे त्या पगाराचा कर ठरतो ते पुढचं वर्ष) २०२६-२७ निवडायचं. चुकून २०२५-२६ निवडलं तर आदल्या वर्षाचे स्लॅब (उत्पन्नाच्या टप्प्यांनुसार कराचे दर) लागतात आणि नव्या प्रणालीत १२ लाख करपात्र उत्पन्नावर ८३,२०० रुपये कर दिसतो. बरोबर वर्ष निवडलं की तोच आकडा शून्य होतो. इतकी तफावत दिसली तर आधी वर्षाचा रकाना तपासा. दुसरी काळजी प्रमाणित वजावटीची, म्हणजे पगारातून सरसकट वजा होणाऱ्या ठरावीक रकमेची. नव्या प्रणालीत ती ७५,००० आहे, जुन्यात ५०,०००. पगार भरल्यावर करपात्र उत्पन्नाची ओळ वाचा आणि ही रक्कम एकदाच वजा झाली आहे ना, हे बघा. दोनदा वजा झाली तर कर खोटाच कमी दिसतो.

आता हद्दींकडे येऊ. खालचे सगळे आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६चे आहेत. नव्या प्रणालीत ४ लाखांपर्यंत कर नाही, मग दर ४ लाखांच्या टप्प्याला ५, १०, १५, २०, २५ टक्के, आणि २४ लाखांवर ३० टक्के. जुन्या प्रणालीत मात्र ३० टक्के दर १० लाखांवरच सुरू होतो. करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल तर कलम ८७ए खाली ६०,००० रुपयांपर्यंत सूट मिळून नव्या प्रणालीतला कर शून्य होतो. पगारदाराला प्रमाणित वजावट धरून ही रेघ १२,७५,००० वर येते. म्युच्युअल फंड किंवा शेअर विकून झालेल्या, विशेष दराच्या भांडवली नफ्यावर ही सूट मिळत नाही, हे ध्यानात ठेवा.

या रेघेच्या जरा पलीकडे हिशोब नाजूक होतो, आणि कॅल्क्युलेटरची खरी किंमत तिथेच कळते. करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या वर गेलं की सूट जाते, पण सीमांत सवलत लागते: १२ लाखांवर जितकी रक्कम आहे, त्याहून जास्त कर लावता येत नाही. ही सवलत साधारण १२,७०,५८८ रुपयांपर्यंत चालते, त्यापुढे नेहमीचा १५ टक्क्यांचा हिशोब. हाताने किंवा एक्सेलमध्ये आकडेमोड करणारे हीच पायरी विसरतात. कॅल्क्युलेटर विसरत नाही.

उदाहरण घ्या. चिपळूणहून लोट्याला जाणाऱ्या इंजिनिअरचा वार्षिक पगार बरोबर १२,७५,००० आहे. कंपनी म्हणते, बस नको असेल तर महिना ३,००० भत्ता घ्या. वर्षाचे ३६,००० वाढले, करपात्र उत्पन्न १२,३६,००० झालं. स्लॅबप्रमाणे कर ६५,४०० होतो, सीमांत सवलतीने तो ३६,००० वर येतो. त्यावर ४ टक्के उपकर १,४४०. एकूण ३७,४४०. म्हणजे ३६,००० मिळाले आणि ३७,४४० गेले. वर एसटीचा पास किंवा गाडीचं पेट्रोल स्वतःच्या खिशातून. बस घेतली असती तर कर शून्यच राहिला असता.

बसवर कर का नाही? घर ते कामाची जागा आणि परत, या प्रवासासाठी मालकाने दिलेलं वाहन ही करपात्र सुविधा धरली जात नाही, असं २०२५-२६ ला लागू असलेल्या १९६१ च्या आयकर कायद्यात, कलम १७(२) मध्ये, स्पष्ट आहे. हातात दिलेल्या पैशाला ती मुभा नाही. महिना १,६०० रुपयांची जुनी प्रवास भत्त्याची सूट २०१८-१९ पासून गेली आणि तिच्या जागी प्रमाणित वजावट आली. अंध, मूकबधिर आणि अस्थिव्यंग असलेल्या कर्मचाऱ्यांना मात्र २०२५-२६ मध्येही महिना ३,२०० पर्यंत सूट होती, नव्या प्रणालीतसुद्धा. पेट्रोलची बिलं जोडली म्हणून घर ते कारखाना हा प्रवास कार्यालयीन ठरत नाही. कारखान्यातून रत्नागिरीला सरकारी कचेरीत कंपनीच्या कामाला गेलात, तर तो खर्च वेगळा. प्रत्यक्ष झालेल्या खर्चाइतका तो करमुक्त राहतो.

कॅल्क्युलेटर यातलं काहीच विचारत नाही. पगाराची एक रक्कम मागतो आणि ती खरी मानतो. बसची किंमत त्या रकमेत धरू नका, भत्ता मात्र पूर्ण धरा. पगारस्लिपच्या उजव्या बाजूला ‘बस कपात’ दिसते, तीही वजा करू नका. ती कर लागल्यानंतरच्या पैशातून जाते.

कंपनीच्या मोटारीचं थोडं वेगळं आहे. फक्त कामावर येण्याजाण्यासाठी असेल तर कर नाही. तीच गाडी रविवारी घरच्यांना घेऊन गुहागरला गेली आणि सगळा खर्च कंपनीने केला, तर २०२५-२६ च्या नियमांनुसार १.६ लिटरपर्यंतच्या इंजिनाला महिना १,८०० आणि ड्रायव्हर असल्यास आणखी ९०० पगारात मिळवले जातात. वर्षाचे ३२,४००. २०२५-२६ च्या फॉर्म १२बीए (कंपनीने दिलेल्या करपात्र सुविधांचं विवरणपत्र) मधली मोटारीची ओळ वाचा.

प्रत्येकाने बसच घ्यावी असं आमचं म्हणणं नाही. नऊ लाख पगार असेल तर नव्या प्रणालीत भत्ता पूर्ण हातात पडतो. शिफ्ट आडवेळेची असेल आणि बसचा थांबा घरापासून लांब असेल, तर रोख भत्ताच बरा. करपात्र उत्पन्न २४ लाखांवर असेल तर त्याच ३६,००० मधले ११,२३२ जातात, २४,७६८ उरतात. बस खरोखर मोलाची ठरते ती १२.७५ ते सुमारे १३.४५ लाख पगाराच्या पट्ट्यात. तिथे एचआरकडे बसची जागा मागा, आणि पगाराच्या रचनेतून भत्त्याची ओळ काढूनच घ्या. मालकाने एनपीएसमध्ये (राष्ट्रीय पेन्शन योजनेत) मूळ पगार व महागाई भत्त्याच्या १४ टक्क्यांपर्यंत भरलेली रक्कम नव्या प्रणालीतही वजा होते, तीही रेघेच्या आत यायला उपयोगी. दोन्ही बदल वर्ष सुरू होताना, एप्रिलच्या पगाराआधी करून घ्यावेत. मिळून गेलेला भत्ता मार्चमध्ये परत फिरवता येत नाही.