खाजनातलं भात आणि सेंटिनेलचा डेटा: दीड वर्ष वापरून झाल्यावरचा अनुभव

आधी विषय सांगते म्हणजे पुढचं नीट कळेल. माझी पीएचडी गोव्यातल्या भातावर आहे, त्यातही खाजनातल्या, म्हणजे नदीकाठच्या खाऱ्या जमिनीला बांध घालून केलेल्या शेतांतल्या. कापणीच्या आधी सॅटेलाईटवरून उत्पन्नाचा अंदाज काढता येतो का आणि हवामान बदलत गेलं तर त्या उत्पन्नाचं काय होईल, एवढंच बघायचंय. दोन सरद (पावसाळी पीक) आणि मधलं एक वायंगण (हिवाळ्यातलं पीक) झालं, सेंटिनेल-१ (रडार) आणि सेंटिनेल-२ (कॅमेऱ्यासारखे फोटो) या युरोपच्या दोन्ही सॅटेलाईटांचा डेटा जवळपास रोज उघडते. नवीन कोणी या कामात शिरत असेल तर त्याचे सहा महिने वाचावेत म्हणून लिहितेय, माझे गेलेत.

सुरुवात सगळे करतात तशी मीपण सेंटिनेल-२ पासून केली. १० मीटरचा पिक्सेल, १३ बँड (प्रकाशाचे वेगवेगळे पट्टे), दोन सॅटेलाईट मिळून दर ५ दिवसांनी एक फोटो आणि पैसे शून्य. वायंगणीला हे खरंच सुंदर चालतं, डिसेंबर ते मार्च आभाळ मोकळं, लावणीपासून पिकाचा रंग पिवळा होईपर्यंत सगळं दिसतं. पीक दाट झालं की एनडीव्हीआय, म्हणजे हिरवेपणाचा आकडा, एका जागी अडकतो, चांगलं शेत आणि फार चांगलं शेत यातला फरक त्याला कळत नाही, तिथे रेड एजचे, म्हणजे लाल रंग संपतो त्या कडेचे, बँड कामाला येतात, फक्त ते २० मीटरचे आहेत. पण आमचं मुख्य पीक सरदीचं. जूनात पेरणी, मग लावणी, चवथीच्या आसपास भात पोटरीत येतं, म्हणजे पिकाचं जवळजवळ अख्खं आयुष्य ढगाखाली जातं. पहिल्या सरदीला जून ते ऑगस्टमध्ये चोडण बेटाचे स्वच्छ फोटो एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेपण मिळाले नाहीत. मधल्या तारखा सॉफ्टवेअरने भरता येतात, कर्व्ह छान गुळगुळीत येतो, पण जुलैचा मूळ फोटोच नसेल तर तो कर्व्ह आपणच कल्पना करून काढलेला असतो. पंजाब-हरियाणातल्या गव्हाचे पेपर वाचून इथे तेच करायला जाऊ नका, तिथलं पीक हिवाळ्यातलं आहे.

अजून एक, ही चूक माझीच होती. २५ जानेवारी २०२२ पासून सेंटिनेल-२ च्या आकड्यांत १००० ची भर पडते, प्रोसेसिंग बदललं म्हणून. मी जुनी आणि नवी वर्षं तशीच एकत्र केली आणि २०२२ नंतर पीक खालावलंय असं दिसायला लागलं, गाईडना तो ग्राफ दाखवलासुद्धा. हार्मोनाइज्ड कलेक्शन (ही भर काढून टाकलेला डेटा) घेतलं की प्रश्न मिटतो.

आता रडार. गोव्यात भातावर काम करायचं असेल तर सेंटिनेल-१ आधी घ्या, बाकीचं नंतर, हे मी आता ठामपणे सांगते. ढग आडवे येत नाहीत, साधारण १२ दिवसांनी फोटो मिळतो म्हणजे मिळतोच. लावणीच्या वेळी शेतात पाणी असतं, त्यावरून रडारची लहर आरशासारखी पुढे निघून जाते आणि शेत काळं दिसतं, मग फुटवे फुटले की लहर परत यायला लागते आणि व्हीएचचा (उभी सोडून आडवी परत घेतलेल्या लहरीचा) आकडा चढत जातो. त्या चढणीवरून लावणी कधी झाली ते कळतं, आणि लावणी उशिरा गेली का हा उत्पन्नासाठी फार मोठा मुद्दा आहे. भर पावसात, जुलैच्या मध्यात, पहिल्यांदा ती चढण स्क्रीनवर आली तेव्हा मला खूप आनंद झाला होता, पुढचे दोन दिवस मी दुसरं काही केलंच नाही.

पण खाजन म्हणजे साधं शेत नव्हे. एका बाजूला मांडवी, मध्ये बांध, बांधाला मानस (पाणी आत-बाहेर सोडायचं दार), आत पोय (पाणी साठतं ती खोलगट जागा) आणि मग शेतं. काळं दिसतं ते सगळं लावणीचं पाणी नसतं, पोय असते, मासळीचं तळं असतं, बांध झिरपत असेल तर भरतीचं खारं पाणीपण असतं. सॅटेलाईट साधारण पहाटे सहा किंवा संध्याकाळी सहाच्या सुमारास जातो, भरती मात्र रोज पाऊण-एक तास पुढे सरकते, त्यामुळे प्रत्येक फोटोत नदी वेगळ्या पातळीवर सापडते. मुरगाव बंदराचं भरतीचं वेळापत्रक डेटाला जोडलं तेव्हा कुठे झिरपणारी शेतं वेगळी काढता आली. हे मला कुठल्या ट्युटोरियलने सांगितलं नाही, बांधावर उभे राहून एका काकांनी सांगितलं, "बाय, ह्या कोपऱ्यात पाणी पावसाचं न्हय, भरतीचं." आणि जिथे बांध फुटून शेत सोडून दिलंय तिथे खारफुटी वाढते, ती बारा महिने हिरवीगार, माझं पहिलं मॉडेल त्याला उत्तम पीक समजत होतं.

सगळ्यात जास्त वेळ आणि घाम गेला तो जमिनीवरच्या डेटात. तालुक्याचा सरासरी आकडा एका शेतासाठी काही उपयोगाचा नाही, म्हणून फेरीबोटीने जाऊन पीक कापणी प्रयोगासारखा ५ बाय ५ मीटरचा चौकोन आखायचा, कापायचं, झोडायचं, १४ टक्के ओलाव्यावर आणून वजन करायचं. हा चौकोन म्हणजे एका पिक्सेलचा पाव भाग, त्यात फोनचा जीपीएस चार-पाच मीटर इकडेतिकडे. आमची शेतं मुळात एवढी लहान की पिक्सेलात अर्धा बांधच येतो. म्हणून मी आता एकाच शेतात तीन चौकोन कापते आणि शेताची कड सोडून मधलेच पिक्सेल धरते. जात कुठली तेपण लिहायलाच हवं, कोरगुट उंच वाढतं आणि लोळतं, ज्योतीचं तसं नाही, दोन्हींचं रडारचं चित्र वेगळं येतं.

मॉडेल म्हणून रँडम फॉरेस्ट (अनेक छोट्या निर्णयवृक्षांची उत्तरं एकत्र करणारी पद्धत) पुरतं, एवढ्या थोड्या डेटावर डीप लर्निंगच्या नादी लागू नका. मात्र मॉडेल शिकवायची आणि तपासायची शेतं नुसती रँडम वेगळी केली तर शेजारची दोन शेतं एक शिकवण्यात आणि एक तपासण्यात जातात आणि अचूकतेचा आकडा फार छान येतो. एक अख्खं वर्ष बाजूला ठेवून तपासा. माझा आकडा पार खाली आला, पण तोच खरा आहे.

हवामान बदलाच्या भागावर मी अजून समाधानी नाही. क्लायमेट मॉडेलचा एक चौकोन साधारण १०० किलोमीटरचा आणि गोवा उत्तर-दक्षिण जेमतेम १०५ किलोमीटर, म्हणजे चोडण आणि सत्तरीचा डोंगर एकाच आकड्यात. शिवाय खाजनात एकूण पाऊस किती यापेक्षा तो कधी थांबला हे महत्त्वाचं, पहिल्या पावसाने मीठ धुऊन जातं आणि जुलैत लांब उघडीप पडली की ते परत वर येतं. हंगामाची बेरीज न घेता सलग कोरडे दिवस मोजून घातले तेव्हा मॉडेल सुधारलं. फुलोऱ्यात ३५ अंशांच्या वर गेलं की दाणा भरत नाही हे सगळ्या पुस्तकांत आहे, पण सरदीला आमच्याकडे तेवढं तापतच नाही, ती काळजी उशिरा लावलेल्या वायंगणीची. आणि कापणीच्या तोंडावरचा पाऊस तर मॉडेलला माहीतच नसतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये क्यार वादळाच्या वेळी उभं पिकलेलं भात आडवं झालं, पाण्यात राहून दाण्याला कोंब आले. माझं मॉडेल फुलोऱ्यापर्यंतचं पीक बघून २०१९ ला चांगलं वर्ष म्हणतं. ज्यांचं भात तेव्हा गेलं त्यांच्यासमोर हा आकडा मला ठेवता येत नाही, म्हणून कापणीच्या वेळच्या पावसाचा वेगळा भाग जोडतेय.

घ्यायचा का हा डेटा? नक्की घ्या. फोनवर नुसतं उत्पन्न बघायचंय अशा शेतकऱ्याला आत्ता याचा उपयोग नाही, पण संशोधनाला, आणि कुठल्या वाड्यावर लावणी मागे पडलीय हे कृषी खात्याला जुलैतच हवं असेल तर, रडार आजच पुरेसं आहे. सोबत शेतात जायची तयारी ठेवा, निदान दोन हंगाम. निसार हा इस्रो आणि नासाचा रडार सॅटेलाईट जुलै २०२५ मध्ये श्रीहरिकोट्याहून गेलाय, त्याचा एल-बँड लांब लहरीचा आहे, पिकाच्या आत जास्त खोल जातो. येत्या सरदीला त्याच शेतांवर तो सेंटिनेल-१ च्या शेजारी ठेवून बघणार आहे, चौकोन आखायची जागा काकांनी आत्ताच दाखवून ठेवलीय.