कुत्रा की मांजर? आधी आपला दिवस बघा

आमच्या घरात खंड्या नावाचा कुत्रा, ठमी नावाची मांजर आणि गोट्या नावाचा बोका असे तिघं नांदतात. त्यामुळे घरी प्राणी आणायचं मनात असलेलं कुणी ना कुणी मला विचारतंच, "कुत्रा बरा की मांजर?" मी उलट विचारते, सकाळी किती वाजता उठता? घराला दिवसभर कुलूप असतं का? स्वभावाचं नंतर बोलू, आधी आपला दिवस कसा जातो ते बघायला हवं.

खंड्याला दिवसातून तीनदा बाहेर न्यावं लागतं. पाऊस असो, आपल्याला कणकण असो, पट्टा हातात घ्यावाच लागतो. सुरुवातीला मी त्याला घाईघाईने पुढे ओढायची. तो एखाद्या खांबापाशी थांबून मिनिट-मिनिट नाक लावून उभा राहायचा आणि माझी चिडचिड व्हायची. हळूहळू कळलं, की कालपासून इथून कोण कोण गेलं ते तो त्या वासात शोधत असतो, आणि पाय मोकळे होण्याइतकंच ते त्याला गरजेचं आहे. आता मी थांबते. एवढा वेळ ज्यांच्याकडे नाही, जे आठ-दहा तास बाहेर असतात आणि घरात दुसरं कुणी नाही, त्यांनी कुत्रा आणू नये असं माझं स्पष्ट मत आहे. एकटा पडलेला कुत्रा भुंकतो, दार ओरबाडतो, चपला फाडतो आणि मग मारही खातो.

मांजर या बाबतीत सोपं. ते दिवसाचे बारा ते सोळा तास झोपेत काढतं, ट्रेमधल्या लिटरमध्ये, म्हणजे वाळूसारख्या दाण्यांत, शी-शू करून झाकून ठेवतं. ट्रे मात्र रोज साफ हवा, आणि जितकी मांजरं त्यापेक्षा एक ट्रे जास्त ठेवावा. पण 'मांजराकडे बघावं लागत नाही' हे खोटं आहे. त्याला शिकारीसारखा खेळ लागतो. दोरीला बांधलेलं पीस दहा-दहा मिनिटं दोनदा नाचवलं तरी पुरतं. तो खेळ मिळाला नाही, की पहाटे साडेचारला ठमी माझ्या पायांची शिकार करते. वरच्या मजल्यावर राहत असाल तर खिडक्यांना जाळी लावूनच मांजर आणा. मांजर पडलं तरी चार पायांवर पडतं हे बहुतेक वेळा खरं असतं, पण जबडा आणि पाय मोडायचे ते मोडतातच.

आता स्वभाव. कुत्रा इमानी, मांजर मतलबी, हे वाक्य मला अजिबात पटत नाही. कुत्रा लांडग्यापासून आला. कळपात राहणारा हा प्राणी निदान पंधरा हजार वर्षं माणसाच्या सोबतीला आहे. मांजराचा पूर्वज एकट्याने शिकार करणारा. शेती सुरू झाली, धान्याच्या साठ्यांवर उंदीर आले आणि उंदरांमागे तो आला. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी मांजर पुरलेलं सापडलं आहे, म्हणजे ओळख जुनीच. फरक इतकाच, की कुत्रा क्षणोक्षणी आपल्या चेहऱ्याकडे बघून वागतो आणि मांजराला त्याची गरज वाटत नाही.

म्हणून मांजराची माया वेगळ्या ठिकाणी शोधावी लागते. ठमी मांडीवर बसत नाही, उचललेलं तिला खपत नाही. पण मी वाचत बसले की ती हातभर अंतरावर येऊन बसते, माझ्याकडे बघते आणि सावकाश डोळे मिटते. मीही तसेच मिटले, की परत एकदा. ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवून दिलं, की माणसाने अशी सावकाश उघडझाप केली तर मांजरं तशीच उत्तर देतात आणि जवळही जास्त येतात.

कुत्र्याचं सगळं उघड असतं, पण तेही आपण चुकीचं वाचतो. फाटलेल्या उशीशेजारी कान पाडून बसलेला खंड्या बघून मला वाटायचं, याला आपली चूक कळली आहे. कुत्र्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांच्या २००९ च्या प्रयोगात दिसलं, की हा 'अपराधी' चेहरा मालक रागावला की येतो, कुत्र्याने काही केलेलं असो वा नसो. ते वाचून मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं तो घाबरत होता.

आजारपणात हा फरक जिवावर बेतू शकतो. खंड्या लंगडतो, कण्हतो, जवळ येऊन पंजा पुढे करतो. गोट्या सारखा ट्रेमध्ये जाऊन बसत होता, तेव्हा आम्हाला वाटलं बद्धकोष्ठ असेल. प्रत्यक्षात लघवी अडकली होती. बोक्यांमध्ये हे होतं आणि एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. ट्रेमध्ये बसून थेंबही येत नसेल तर सकाळची वाट बघू नका. पॅरासिटामॉलची गोळी मांजराला कधीही देऊ नका, लिलीची फुलं घरात नकोत. कुत्र्यापासून चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा लांब ठेवा. रेबीजची लस आणि नसबंदी दोघांनाही.

घरात मांस आणायचंच नसेल, तर मांजराचा विचार सोडलेला बरा. त्याला टॉरिन नावाचं अमिनो आम्ल लागतं, ते मांसातून मिळतं. कमी पडलं तर दृष्टी जाते, हृदय दुबळं होतं. कुत्र्याचं पशुवैद्याच्या सल्ल्याने शाकाहारावर भागू शकतं. ॲलर्जीवाल्यांनी आधी प्राणी असलेल्या घरी दोन-चारदा जाऊन बसावं. केस कमी असलेलं मांजर हा उपाय नव्हे, कारण त्रास देणारं प्रथिन त्याच्या लाळेत आणि त्वचेत असतं.

आणि इतकं सगळं मांडूनही गोट्या माझे ठोकताळे मोडतो. दाराशी धावत येतो, कागदाचा बोळा फेकला तर तोंडात धरून परत आणतो. उलट खंड्या मोठा आवाज झाला की पलंगाखाली. म्हणून पिल्लाचाच हट्ट नसेल, तर मोठा झालेला प्राणी घ्या असं मी सुचवते. त्याचा स्वभाव समोर दिसतो. पिल्लूच हवं असेल तर ते माणसांत वाढलंय ना हे विचारा. कुत्र्याच्या पिल्लाचे साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंतचे दिवस त्यासाठी मोलाचे, मांजराच्या पिल्लाचे दुसऱ्या ते सातव्या.

बघायला जाल तेव्हा जमिनीवर बसा आणि तासभर काही करू नका. गोट्या पहिल्याच मिनिटाला येऊन माझ्या बुटाची नाडी चावू लागला होता. ठमी खोक्यामागून बाहेर आली ती तिसऱ्या भेटीत.