मीटरच्या काचेतली वाफ आणि २,८०० रुपयांचा 'नवा' मीटर

कोकणातल्या पावसात गाडीच्या मीटरला आतून वाफ धरते, त्यात नवल नाही. मीटर काही हवाबंद डबा नसतो. ऊन लागलं की आतली हवा तापून बाहेर पडते, सर आली की गार होऊन आकसते आणि बाहेरची दमट हवा आत ओढते. तीच गार काचेवर बसते. ही हवा खेळती राहावी म्हणून बऱ्याच मीटरच्या बुडाशी बारीकसं भोक ठेवलेलं असतं.

चिपळुणातल्या एका गॅरेजवाल्याने मात्र काच बघताच सांगितलं, "मीटर गेला साहेब. आता शॉर्ट होऊन गाडी पेटेल, पूर्ण बदलू." गाडी जुनी, काट्याच्या मीटरची, पुढच्या चाकातून केबल येते ती. २,८०० रुपये ठरले.

संध्याकाळी काच लख्ख होती. पण काटा? उन्हाने विटून गुलाबी झालेला तोच तांबडा काटा. किलोमीटरही तेच, एक्केचाळीस हजारांच्या घरातले. नवा मीटर शून्यापासून सुरू व्हायला हवा ना? उत्तर तयारच होतं : "तुमचंच रीडिंग लावून दिलं, विकताना कटकट नको." म्हणजे रीडिंग फिरवणं हीसुद्धा ग्राहकसेवाच! जुना मीटर मागितला, तर तो भंगारवाल्याने नेलेला. बिल म्हणून वहीचा कागद, त्यावर 'मीटर २८००'.

पुढच्या मोठ्या पावसात वाफ परत आली, आणि या वेळी काचेच्या खालच्या कडेला थेंब साचले. कडकडीत ऊन पडलं तरी हटेनात. ओळखीच्या मिस्त्रीने मीटर उतरवला आणि हसायलाच लागला. जुनाच मीटर उघडून, हेअर ड्रायर मारून, काच पॉलिश करून बसवला होता आणि कडेने सिलिकॉन थापलं होतं. बुडाचं भोकही त्यातच बुजलेलं. पाणी जिथून शिरत होतं, तो बल्ब होल्डरचा फाटका रबर तसाच होता, आणि शिरलेलं पाणी बाहेर पडायची वाट बंद! त्याने सिलिकॉन खरवडलं, रबर बदलला, मीटर सिलिका जेलच्या पुड्यांसोबत रात्रभर डब्यात बंद ठेवला. किरकोळ पैशांत काम झालं. वॉशिंग सेंटरवर मीटरवर थेट प्रेशर मारू देऊ नका, एवढं बजावलं.

सकाळी धरलेली वाफ गाडी थोडी चालवल्यावर जात असेल, तर मीटरला कुणाला हात लावू देऊ नका. थेंब साचून राहत असतील किंवा कनेक्टरच्या पिना हिरव्या पडल्या असतील, तरच तो उघडायचा. गाडी देण्याआधी रीडिंगचा फोटो काढा, मीटरच्या बुडाला मार्करने खूण करा आणि जुना पार्ट हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. डिजिटल मीटरला तर हे जास्तच लागू, कारण तिथे रक्कम मोठी असते आणि बऱ्याच गाड्यांत किलोमीटरची नोंद मीटरमध्येच असते. तो बदलला, तर बिलावर जुनं रीडिंग लिहून घ्या.

खरवडलेलं सिलिकॉन नेऊन दाखवलं, तर गॅरेजवाला म्हणाला, "ते कंपनीचंच सीलिंग." मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तिथे नाही भागलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही. वहीच्या कागदावर गॅरेजचं नाव नसलं, तरी पैसे यूपीआयने दिले होते. ती नोंद तक्रारीला जोडली आहे.