भिंतीत वायर एक, हिशेब दोन वायरींचा

गेल्या गणपतीत पुण्याहून भाचा आला होता. आरती झाल्यावर ऑफिसचं काही काम उरकायला त्याने लॅपटॉप माझ्या टेबलामागच्या नेटच्या सॉकेटला लावला, सेटिंगमध्ये काहीतरी पाहिलं आणि विचारलं, "आत्या, तुझा प्लॅन ३०० एमबीपीएसचा आहे ना? मग इथे लिंक स्पीड १००/१०० का दाखवतंय?"

मी म्हटलं, वाय-फायचा आकडा असेल.

"वाय-फाय बंद केलंय. हा वायरचाच आहे."

प्लॅन ३०० चा असूनही स्पीड १०० च्या आतच का अडकतो, याचं उत्तर मी आठ महिने शोधत होते. ते त्या एका ओळीत होतं. विंडोजमध्ये इथरनेटच्या सेटिंगात ही ओळ कुणालाही दिसते. मला ती पाहायची असते हेच माहीत नव्हतं, म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

मी डोंबिवलीत घरूनच जीएसटी आणि आयकराची कामं करते. २० तारीख जवळ आली की दिवसभर पोर्टल उघडं, एकीकडे पक्षकारांचे व्हिडिओ कॉल. हॉलमधलं वाय-फाय आतल्या खोलीत दोन भिंती आणि एक लोखंडी कपाट ओलांडून यायचं, म्हणजे जवळजवळ यायचंच नाही. गेल्या वर्षी जानेवारीत घराचं रंगकाम निघालं. भिंती फोडल्याच आहेत तर वायर टाकून घेऊ, असं ठरवलं. कामावरच्या इलेक्ट्रिशियनने त्याच्या ओळखीचा एक नेटवर्कवाला आणला. मुलगा बोलायला अतिशय चांगला. त्याने व्हॉट्सअॅपवर अंदाज पाठवला: राउटर ३,९००, कॅट-सिक्स (नेटच्या वायरीचा एक दर्जा) वायरचा पूर्ण बॉक्स ७,८००, सॉकेट आणि कनेक्टर १,६००, मजुरी ५,२००. एकूण १८,५०० रुपये. माझ्या टेबलामागे दोन पॉइंट, एक कॉम्प्युटरला आणि एक प्रिंटरला, शिवाय हॉलमध्ये टीव्हीला एक.

पैसे देताना तो म्हणाला, "ताई, बिल हवं असेल तर १८ टक्के वर पडतील." आणि मी बिलाशिवाय पैसे दिले. रोज लोकांना पक्कं बिल घ्या म्हणून सांगणारी मी. रंगकामाचा खर्च हाताबाहेर चालला होता, सव्वातीन हजार वाचत होते. ही चूक माझी आहे आणि तिचं मला आजही वाईट वाटतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापार प्रथा धरली आहे, हेही मला माहीत होतं.

काम झाल्यावर त्यानेच सुचवलं म्हणून मी १०० चा प्लॅन ३०० चा केला. दर महिन्याला साडेतीनशे रुपये जास्त. स्पीड टेस्ट केली की आकडा यायचा ९४. कधी ९३, कधी ९५, पण त्यापलीकडे कधीच नाही. त्याला फोन केला तर म्हणायचा, "कंपनीकडूनच कमी येतंय." नेट देणाऱ्यांचा माणूस आला, त्याने फायबरच्या डब्याला थेट स्वतःचा लॅपटॉप लावून ३०० दाखवले आणि म्हणाला, "आमच्याकडून बरोबर आहे, तुमच्या राउटरवाल्याला विचारा." राउटरवाला यायचा, पासवर्ड टाकून काहीतरी करायचा, ५०० रुपये घेऊन जायचा. राउटरचा पासवर्ड त्याने मला कधीच दिला नाही. "तुमच्या हातून काही बिघडेल ताई," असं म्हणायचा. असे तीन वेळा ५०० गेले.

आता हा ९४ चा आकडा लक्षात ठेवा. प्लॅन मोठा असूनही स्पीड टेस्ट सारखी ९४-९५ वर अडकत असेल, तर नेट बहुतेक चांगलंच असतं. वाटेत कुठेतरी १०० चा दरवाजा लागलेला असतो. १०० एमबीपीएसच्या पोर्टमधून, म्हणजे वायर लावायच्या खाचेतून, प्रत्यक्षात ९४-९५ एवढाच डेटा बाहेर पडतो.

आमच्याकडे असे दरवाजे दोन होते.

पहिला राउटरचा. डब्यावर ठळक अक्षरांत १२००. मला वाटलं ३०० साठी १२०० म्हणजे भरपूर झालं. भाच्याने समजावून सांगितलं की तो आकडा फक्त वाय-फायचा, आणि तोही दोन बँडची बेरीज: २.४ गिगाहर्ट्झचे ३००, ५ गिगाहर्ट्झचे ८६७, मिळून पुढे-मागे करून १२००. वायरच्या पोर्टबद्दल डब्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत '१०/१००' एवढंच छापलेलं. गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएसचा पोर्ट असेल तर तिथे '१०/१००/१०००' असतं. तुमचा प्लॅन १०० किंवा त्याखालचा असेल तर १०/१०० च्या स्वस्त राउटरने काही अडत नाही, उगाच खर्च करू नका. पण ज्याने मला हा राउटर विकला त्यानेच मला ३०० चा प्लॅन घ्यायला लावला होता. शिवाय राउटरच्या पाठीवरचा अनुक्रमांक डब्यावरच्या अनुक्रमांकाशी जुळत नव्हता. जुना राउटर नव्या डब्यात घालून दिला होता.

भाचा म्हणाला, राउटर बदलला की झालं. पण त्याला शंका आली म्हणून त्याने टेबलामागच्या सॉकेटचे दोन स्क्रू काढले. ही मंडळी त्या सॉकेटला आयओ म्हणतात. झाकण बाजूला केलं आणि तो गप्प झाला.

दोन सॉकेट होते, मागून वायर एकच आली होती.

नेटच्या वायरीत आठ बारीक तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या: नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी. १०० च्या स्पीडला दोनच जोड्या पुरतात. गिगाबिटला चारही लागतात, आठही तारा. त्या माणसाने नारिंगी आणि हिरवी जोडी एका सॉकेटला दिली होती, निळी आणि तपकिरी दुसऱ्याला. राउटरकडच्या टोकालाही तसंच, एकाच वायरीला दोन कनेक्टर. पैसे दोन पॉइंटांचे, दोन वायरी ओढल्याचे. पुढे मी कितीही महागडा राउटर आणला असता तरी त्या भिंतीतून १०० च्या वर काही आलं नसतं. तीन वेळा येऊन तो ५०० रुपये घेऊन गेला, तेव्हा त्याला हे ठाऊक होतं. मला सगळ्यात जास्त राग त्याचाच आहे.

वायरीच्या अंगावर मीटरचे आकडे छापलेले असतात, काहींवर फुटांचे. राउटरकडच्या टोकाला २१२ होतं, टेबलाकडे २३४. म्हणजे २२ मीटर. टीव्हीची वायर मोजली तर ९ मीटर. एकूण ३१. बॉक्स असतो ३०५ मीटरचा आणि पैसे मी पूर्ण बॉक्सचे दिले होते. उरलेला बॉक्स तो स्कूटरवर पुढे ठेवून घेऊन गेला, ते मी बाल्कनीतून पाहिलं होतं. तेव्हा मनात काही आलं नाही.

भाच्याने सॉकेट नीट बांधायचं ठरवलं, आठही तारा एकालाच. पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. हा क्रम दोन्ही टोकांना सारखा हवा. पण तारा वाकवताना तुटत होत्या. दोनदा तुटल्या. चांगली तार अशी मटकन तुटत नाही, असं तो म्हणत राहिला, पण त्यालाही कारण कळेना. गौरी-गणपतीचं विसर्जन झालं आणि तो पुण्याला गेला.

पुढच्या शनिवारी मी वायरीचा वीतभर तुकडा पर्समध्ये टाकून लॅमिंग्टन रोडला गेले. दादरला गाडी बदलायची आणि ग्रँट रोडला उतरायचं, तिथून चालत पाच-सात मिनिटं. एका वयस्कर दुकानदारांनी तुकडा हातात घेतल्या घेतल्या वजनावरूनच ओळखलं. "ताई, हे सीसीए आहे," म्हणाले. ब्लेडने तार खरवडून दाखवली. वरचा तांब्याचा पापुद्रा गेला आणि आतून पांढरी चंदेरी तार निघाली. सीसीए म्हणजे ॲल्युमिनियमला तांब्याचा मुलामा. मग त्यांनी त्यांच्याकडची तार खरवडली, ती आतपर्यंत लाल.

"काका, पण वर कॅट-सिक्स छापलंय की."

"छापायला काय लागतं?"

कॅट-सिक्सच्या मानकात तार तांब्याचीच असावी लागते, तेव्हा सीसीएवर ते नाव छापणंच खोटं आहे. ॲल्युमिनियमचा विजेला विरोध जास्त, ते वाकवलं की तुटतं, आणि त्याच वायरीतून कॅमेऱ्याला वीजही द्यायची असेल तर ते तापतं. छोट्या अंतरावर सुरुवातीला सगळं ठीक चालतं, त्यामुळे कुणाला शंका येत नाही. काकांच्या मते असला बॉक्स तीन हजारांच्या आसपास मिळतो. मी ७,८०० दिले होते. आणि भिंत बुजवून, पुट्टी आणि दोन हात रंग झाल्यावर आत काय आहे ते कोण बघणार? म्हणून वायर पाइपात जाण्याआधी, तुमच्या डोळ्यांसमोर, तिचं टोक खरवडून घ्या. ब्लेड घरात असतंच. माणूस नाराज झाला तर होऊ द्या.

मी त्यांच्याकडून तांब्याची वायर मीटरवर घेतली, ५० मीटर. गिगाबिटचे पाच पोर्ट असलेला मायक्रोटिक कंपनीचा हेक्स राउटर घेतला. त्यात वाय-फाय नाही, आणि मला ते नकोच होतं. जोडून झालं की त्याची सेटिंग ब्राउझरमध्ये १९२.१६८.८८.१ या पत्त्यावर उघडते. पहिलं काम पासवर्ड बदलायचं, दुसरं सॉफ्टवेअर अपडेट करायचं. २०१८ मध्ये या कंपनीचे अपडेट न केलेले राउटर जगभर मोठ्या संख्येने हॅक झाले होते, दुरुस्ती आधीच आलेली असूनही. ते वाचल्यापासून मी अपडेट टाळत नाही. जुना राउटर फेकला नाही. त्याचं रिसेटचं बटण पिनेने दाबून धरलं, त्या माणसाचा पासवर्ड पुसला गेला. मग त्याचा पत्ता बदलून १९२.१६८.८८.२ केला, डीएचसीपी (घरातल्या उपकरणांना पत्ते वाटायचं काम) बंद केलं आणि वायर त्याच्या वॅन (बाहेरचं नेट घेणाऱ्या) पोर्टाऐवजी लॅन (घरातल्या वायरींच्या) पोर्टात लावली. आता तो हॉलमध्ये नुसतं वाय-फाय देतो. त्याच्यावर स्पीड ९४ च राहणार, फोनला तेवढा पुरतो.

भिंत पुन्हा फोडावी लागली नाही. आमचा नेहमीचा इलेक्ट्रिशियन, म्हणजे रंगकामावरचा नव्हे, त्याने जुन्या वायरीच्या टोकाला दोन नव्या वायरी चिकटपट्टीने बांधल्या आणि दुसरीकडून जुनी ओढली. पाऊण इंची पाइपातून दोन्ही आल्या. एका जागी नेट अडलं ते वेगळ्याच कारणाने. नेट देणाऱ्यांनी आमचं कनेक्शन आधीच्या राउटरच्या मॅक पत्त्याला (उपकरणाच्या ओळख क्रमांकाला) बांधून ठेवलं होतं. फोन करून ते सोडवून घ्यावं लागलं, आणि पीपीपीओईचं (राउटरने नेटला लॉगिन करायच्या पद्धतीचं) युजरनेम आणि पासवर्ड पुन्हा मागून घ्यावे लागले. ते आपल्याकडे लिहून ठेवलेले असावेत, राउटर लावणाऱ्याच्या फोनमध्ये नव्हेत. त्या संध्याकाळी स्पीड टेस्टला पहिल्यांदा ३०० चा आकडा पाहिला.

त्या माणसाला मी फोटो पाठवले: उघडं सॉकेट, खरवडलेली तार, मीटरचे आकडे. त्याने ते पाहिले आणि माझा नंबर ब्लॉक केला. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन केला. पहिला प्रश्न बिलाचा. बिल नाही, पण अंदाजाचा व्हॉट्सअॅप मेसेज आहे आणि यूपीआयने दिलेल्या पैशांच्या नोंदी आहेत, सगळं त्याच नंबरवर. तेवढ्यावरही तक्रार घेतली गेली, पण त्याच्याकडून काही उत्तर आलं नाही. आता ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करते आहे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. माझ्याकडे अजून वेळ आहे. जुनी वायर, ते दोन कनेक्टर, राउटरचा न जुळणारा डबा, सगळं एका पिशवीत तारीख घालून ठेवलंय.

चौथ्या मजल्यावरच्या वहिनींकडेही त्याच माणसाने काम केलं होतं, माझ्याच सांगण्यावरून. हे कळल्यावर मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन वर गेले. त्यांच्या मुलाच्या अभ्यासाच्या टेबलामागे दोन सॉकेट आहेत. झाकण काढलं. एकच वायर, नारिंगी-हिरवी एकीकडे, निळी-तपकिरी दुसरीकडे. मी त्यांची माफी मागितली. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्यांच्या यूपीआयच्या नोंदी छापून आणून दिल्या.