फ्रीझरसाठी फॉइल की झिपची पिशवी?

हिवाळ्यात भरताची हिरवी वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजून भरीत केलं, की वाडगाभर फ्रीझरमध्ये जातंच. त्याला झिपची पिशवीच हवी. भरीत चपटं थापायचं, हवा दाबून काढायची. उणे 18 अंशांवर ते पाटीसारखं कडक होतं आणि नंतर लवकर सुटतं. फॉइलला दुमडलं तिथे बारीक चिरा पडतात, हवा शिरते, कडा कोरड्या, पांढरट होतात. चिंच-टोमॅटोचं काही तर फॉइलमध्ये नकोच, आंबटाने अ‍ॅल्युमिनियम झिजतं.

पुरणाचे मांडे मात्र मी फॉइलमध्येच ठेवते. ती घडीला अंगासरशी बसते, मधे हवा उरत नाही. जाड फॉइल घ्या, दोन वेढे द्या. गरम करताना ती काढायला विसरू नका, विशेषतः मायक्रोवेव्ह असेल तर.