पांढरे ठिपके दिसले: कॉपर, कमी खारेपणा की टब बदलणं?

घरच्या खाऱ्या पाण्याच्या टँकमधल्या यलो टँग माशाच्या शेपटीजवळ मला पांढरं काहीतरी दिसलं, तेव्हा रात्रीचे साडेदहा झाले होते. क्रॉफर्ड मार्केट केव्हाच बंद झालेलं, आणि ते बरंच झालं, नाहीतर पळत जाऊन हाताला लागेल ती औषधाची बाटली आणली असती. टॉर्च घेऊन वीस मिनिटं काचेपाशी बसलो. पांढरं एकाच जागी होतं, कडा वेड्यावाकड्या, मधे चामडी सोललेली. दगडाच्या फटीत शिरताना खरचटलं होतं. त्याला औषध लागलंच नाही.

म्हणून आधी टॉर्च घ्या, बाटली नंतर. मीठ भुरभुरल्यासारखे सुटे, मोजता येतील असे ठिपके आणि दगडाला अंग घासणं म्हणजे मरीन इक, समुद्री माशांना परजीवीमुळे होणारा रोग. पिठीसाखर चाळल्यासारखा बारीक थर आणि धाप लागल्यासारखा श्वास म्हणजे वेल्वेट, हाही परजीवीचाच रोग. त्यात मासा एक-दोन दिवसांतही जातो. पराच्या कडेला फ्लॉवरच्या तुऱ्यासारखी गाठ आली असेल तर ती बहुधा लिम्फोसिस्टिस. हा विषाणू आहे, त्यावर औषध नाही. चांगलं पाणी आणि चांगलं खाणं मिळालं की ती बहुतेक वेळा आपोआप गळते. क्लाऊन माशाच्या अंगावरून शेंबडासारखा थर सुटत असेल तर ब्रुकलिनेला हा परजीवी असण्याची शक्यता मोठी, आणि त्यावर कॉपर (तांब्याचं औषध) चालत नाही, फॉर्मेलिन लागतं.

जखमेचं गणित वेगळं आहे. समुद्राचं पाणी माशाच्या रक्तापेक्षा खारं असल्यामुळे त्याच्या अंगातलं पाणी सतत बाहेर झिरपत असतं. कातडी फाटली की हे झिरपणं वाढतं आणि मासा थकतो. अशा वेळी अमोनिया शून्य, पाणी स्वच्छ, मारकुटा डॅमसेल मासा वेगळा काढलेला, एवढ्यावर बहुतेक जखमा भरतात. एकच डोळा सुजला असेल तर बहुधा मार लागलेला असतो. दोन्ही सुजले तर आतल्या संसर्गाचा संशय घ्यावा. जखमेभोवतीची लाली रोज पसरतेय, पर झडतायत, मासा खाणं सोडतोय, असं दिसलं तरच अँटिबायोटिक, तेही वेगळ्या टँकमध्ये. मेन टँकमध्ये टाकलंत तर फिल्टरमधले उपयोगी जीवाणूही मरू शकतात, अमोनिया चढतो, आणि ८.२ च्या आसपासच्या पीएचला तो जास्तच विषारी ठरतो. केमिस्टकडची माणसांची कॅप्सूल अंदाजाने फोडून टाकणं तर मला अजिबात पटत नाही. माशांचं कळणाऱ्या पशुवैद्याला विचारून डोस घ्या.

आता इक. इथे तीन रस्ते आहेत, आणि तिन्ही समजायला एक गोष्ट पुरते: हा परजीवी माशावर साधारण तीन ते सात दिवस राहतो, मग गळून तळाला किंवा दगडाला कोष करून बसतो, आणि त्यातून निघालेली पिल्लं पुन्हा मासा शोधतात. ठिपके गेले म्हणजे रोग गेला असं नाही. ‘लसूण खाऊ घातला आणि बरा झाला’ असं लोक सांगतात, ते याच मधल्या दिवसांमुळे.

कॉपर या पोहणाऱ्या पिल्लांना मारतं. वेल्वेटवरही चालतं, म्हणून घाईच्या वेळी मी तेच निवडेन. पण मात्रेची फट अरुंद आहे. साधं आयनिक कॉपर लिटरमागे ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम ठेवावं लागतं. चिलेटेड, म्हणजे दुसऱ्या रसायनाशी बांधलेल्या, प्रकाराची मात्रा कित्येक पट असते, ती बाटलीवर पाहूनच. टेस्ट किटशिवाय हात लावू नका. प्रवाळ, कोळंबी, गोगलगायी असलेल्या टँकमध्ये कॉपर टाकणं म्हणजे त्यांना मारणं, आणि लाइव्ह रॉक (टँकमधला जीवजंतू असलेला समुद्री दगड) ते शोषून घेतो. ड्वार्फ एंजल आणि रास माशांच्या काही जाती कॉपरला फार नाजूक.

कमी खारेपणा, म्हणजे पाणी १.००९ स्पेसिफिक ग्रॅव्हिटीवर (पाण्याच्या खारेपणाचं माप) आणून तिथे किमान महिनाभर ठेवणं. औषध नाही, माशाला झिरपणंही कमी, म्हणून ऐकायला छान वाटतं. अडचण मुंबईच्या मे महिन्यात येते. टँक थंड ठेवायला वर पंखा लावला की पाणी भराभर उडतं आणि खारेपणा चढतो. तो थोडा जरी वर गेला तरी उपचार फसतो. सुट्टीत गावाला जाणार असाल तर हा रस्ता घेऊच नका. खारेपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर नीट कॅलिब्रेट केलेला हवा. वेल्वेटवर याचा भरवसा नाही, आणि इकच्याही काही जाती यातून तगून राहतात.

तिसरा, टब बदलणं. दर ७२ तासांनी मासा वाळवून नवं पाणी भरलेल्या टबात हलवायचा, चार फेऱ्या, १२ दिवस, तेराव्या दिवशी स्वच्छ टँकमध्ये. परजीवी गळून मागे राहतो, मासा पुढे जातो. ३० लिटरचा टब धरला तर चार फेऱ्यांना १२० लिटर पाणी, सव्वाचार किलोच्या आसपास सागरी मीठ. नळाच्या पाण्याला अँटिक्लोर, म्हणजे क्लोरीन घालवणारं द्रावण, हवंच. वन रूम किचनमध्ये दोन टब बाथरूमात मावतात, म्हणून लहान क्लाऊन किंवा डॅमसेलला इक असेल तर माझी पहिली पसंती हीच. मोठ्या टँगला मात्र वारंवार हलवणं जड जातं. त्याला वेगळ्या टँकमध्ये कॉपर बरं. वेल्वेटचा संशय असेल तर टब बदलण्यावर थांबू नका. आणि जुलैत मुंबईत काहीच वाळत नाही. ओल्या टबात, ओल्या एअर स्टोनमध्ये (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) कोष जगू शकतात. ब्लीचने धुऊन, अँटिक्लोरच्या पाण्यातून काढून, पुसून दिवसभर पंख्याखाली ठेवा, किंवा एअर स्टोनचा दुसरा जोड घ्या.

कोणताही रस्ता घेतलात तरी मेन टँक किमान सहा आठवडे, जमल्यास ७६ दिवस, माशांशिवाय ठेवा. प्रवाळ आणि कोळंबी त्यात आरामात राहतात. कोळंबीला थोडं खाणं घालत जा.