ई-मुलाकत: गावातून तुरुंगातल्या माणसाशी बोलायची सोय कितपत कामाची?

गडचिरोली जिल्ह्यातल्या सिरोंच्याहून नागपूरचं मध्यवर्ती कारागृह साडेतीनशे किलोमीटरच्या पुढे. एका भेटीपायी दोन-तीन दिवसांची मजुरी बुडते, भाडं वेगळं. मग भेटी तुटतात, आणि सुटलेला माणूस स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखा बसतो. घरानं ज्याला धरून ठेवलं नाही, त्याला जुने सोबती लगेच जवळ करतात. म्हणून ई-मुलाकत, म्हणजे मोबाइलवर व्हिडिओनं होणारी भेट, आम्हाला मोलाची वाटते.

नोंदणी ई-प्रिझन्स या तुरुंगांच्या सरकारी संकेतस्थळावर होते. भेटणाऱ्याचं नाव-पत्ता, ओळखपत्राचा क्रमांक, मोबाइल, ईमेल. मग कारागृह, बंद्याचं व त्याच्या वडिलांचं नाव, नातं, तारीख. प्रकारात व्हिडिओच निवडा, नाहीतर प्रत्यक्ष भेटीची नोंद होते. कारागृहानं मंजुरी दिली की लिंक येते.

घोळ होतो तो नावात आणि ईमेलमध्ये. इंग्रजी स्पेलिंग कोर्टाच्या कागदावर आहे तेच टाका. आधारवरचं वेगळं असलं तर नोंद सापडत नाही. सेतू केंद्रवाला घाईत स्वतःचा ईमेल टाकतो, लिंक त्याच्याकडे जाते आणि घरचे वाट पाहत बसतात. ईमेल घरातल्या शिकलेल्या पोराचाच द्या. बोलायला टिनाच्या खोलीत बसू नका, रेंज मिळते तिथं अंगणात या. मोबाइल आदल्या रात्रीच चार्ज करा, लाइटीचा भरवसा नाही.

वेळ मोजका असतो आणि निम्मा रडण्यात जातो. ते साहजिक आहे, पण लेकराला आधी बोलू द्या आणि कामाचं कागदावर लिहून ठेवा. सुटकेच्या आधीच्या भेटींत रोजगाराचं बोलणं झालंच पाहिजे. आपल्याकडे सालगड्याचं, म्हणजे वर्षभरासाठी ठेवलेल्या शेतगड्याचं, साल गुढीपाडव्याला ठरतं. त्यानंतर सुटणाऱ्याला वर्षभर रोजमजुरीच. शेतमालकाशी घरच्यांनीच आधी बोलावं. राशनकार्डावर नाव आहे का, रोजगार हमीचं जॉब कार्ड चालू आहे का, तेही पाहावं. बंद्याला वकील नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून तो फुकट मिळतो. १५१०० या फोन नंबरवर विचारता येतं.

पडद्यावर हात हातात घेता येत नाही, ही उणीव मोठी. म्हणून कापसाची वेचणी आटोपली की एकदा तरी प्रत्यक्ष जा. फर्लोसाठी, म्हणजे शिक्षा भोगणाऱ्याला मिळणाऱ्या काही दिवसांच्या रजेसाठी, अर्ज केला असेल तर पोलीस पाटलाला आणि शेजाऱ्यांना आधीच भेटा, कारण पोलिसांची चौकशी गावातच होते आणि अहवाल विरोधात गेला तर अर्ज अडकतो. शेवटच्या भेटीत सुटकेची तारीख पक्की विचारा. त्या दिवशी एक जोड कपडे आणि एसटीचं भाडं घेऊन घरचं कोणीतरी फाटकावर हजर असावं.